सहा नंबरच्या खाटेवरचे टिपणीसकाका

टिपणीसकाका दोन वर्षांहून जास्त काळ बेशुद्ध होते आणि तेवढ्या काळात त्यांनी एकदाही दांडी मारली नाही.

ते बेशुद्ध असायचे आमच्या टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत. मालिका एका हॉस्पिटलात घडायची आणि शूटिंग चालायचं पेणला, हायवेपासून जरा आत, बरीच वर्षं बंद पडलेल्या एका प्रसूतिगृहाच्या इमारतीत. भिंतींना रंग दिला, दारांवर पाट्या लावल्या, कुठून कुठून जुन्या लोखंडी खाटा गोळा केल्या, की झालं हॉस्पिटल. त्यातल्या सहा नंबरच्या खाटेवर एक पेशंट पहिल्या भागापासून पडलेला. त्याच्या आजूबाजूला डॉक्टर भांडायचे, सिस्टर आणि वॉर्डबॉय प्रेमात पडायचे, त्याच्या पांघरुणावर डबे उघडून जेवायचे, त्याच्या सलाइनच्या स्टँडला ओल्या छत्र्या लटकवायचे. त्याला संवाद नव्हता, नावही नव्हतं. स्क्रिप्टमध्ये नुसतं ‘सहा नंबर’ असं लिहिलेलं असायचं.

माझं काम कंटिन्युइटीचं. म्हणजे एका प्रसंगाचे तुकडे वेगवेगळ्या दिवशी शूट झाले तरी पडद्यावर ते सलग दिसले पाहिजेत, हे बघायचं. सलाइनची बाटली कुठवर उतरली होती, उशी कुठल्या बाजूला दबली होती, दाढीचे खुंट केवढे होते, याचे फोटो काढून ठेवायचे. त्यामुळे काकांच्या मिटल्या डोळ्यांच्या चेहऱ्याकडे युनिटमध्ये सगळ्यात जास्त वेळ मीच बघितलं असेल. लांबट चेहरा, धारदार नाक, जाड पांढऱ्या भुवया.

राहायला ते रोह्याजवळच्या अष्टमी गावात. धाटावच्या एका केमिकल कंपनीत सगळी नोकरी शिफ्टमध्ये गेलेली, त्यामुळे पहाटे उठणं आणि भर दुपारी झोपणं, शरीराला दोन्ही सारखंच. सकाळच्या एसटीने पेणला उतरायचे. इस्त्रीचा पांढरा हाफ शर्ट, पॉलिश केलेले बूट, खांद्याला डब्याची पिशवी. मेकअपच्या खोलीत शर्ट हँगरला लावायचे, पाठीमागे नाड्या असलेला आमचा फिका निळा गाऊन चढवायचे आणि खाटेवर आडवे व्हायचे. आडवे झाल्यावर कुणी चहा विचारू दे नाहीतर घरून फोन आल्याचं सांगू दे, ओठ जेमतेम हलवून एकच उत्तर मिळायचं, “कामावर आहे.”

आणि या माणसाचा आवाज कसा होता, तर रोह्याच्या हौशी नाटकांत ते माइक बाजूला सरकवून बोलायचे. न्यायाधीश, इन्स्पेक्टर, मुलीचा संतापलेला बाप, अशी सगळी मोठ्या आवाजाची कामं त्यांची. विजयाकाकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, “हे अष्टमीत गॅलरीत उभं राहून बोलले, की पुलापलीकडे रोह्यात भाजीवाली भाव उतरवते.”

मालिकेसाठीसुद्धा ते मुख्य डॉक्टरच्या भूमिकेसाठीच आले होते. आमचा दिग्दर्शक समीर मुंबईचा, तिशीतला, सतत घाईत. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, छान आहे, पण टीव्हीला एवढा आवाज नाही चालत.” काका पिशवी उचलून निघाले तेव्हा त्यालाच जरा अवघडल्यासारखं झालं असावं. म्हणाला, “पाच मिनिटं त्या खाटेवर पडता का? लाइट लावून बघायचेत.” काका पडले. लाइट लागले, कॅमेरा लागला, तेवढ्यात जेवण आलं आणि सगळे मागच्या अंगणात गेले. जेवून परत येऊन बघतो तर काका तसेच. हात पोटावर, नाकावर एक माशी.

“अहो काका, जेवायला नाही आलात?”

“तुम्ही कट म्हणाला नाहीत,” काका डोळे न उघडता म्हणाले.

समीरने त्यांना तिथल्या तिथे घेतलं. काकांनी एवढंच विचारलं, “हा पेशंट कधी बोलणार आहे का?”

“बघू काका. पुढेमागे बोलवू.”

त्या एका ‘बघू’वर काका रोज येत राहिले. नव्या भागाचं स्क्रिप्ट आलं की चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे, सहा नंबरपुढे काही लिहिलंय का ते शोधायचे, नसलं की कागदांची घडी घालून पिशवीत ठेवायचे. त्यांनी कधी तक्रार केली नाही आणि आशाही सोडली नाही.

मालिकेतला मुख्य डॉक्टर झालेला हेमंत पडद्यामागे पडद्यापेक्षा जास्त विनोदी होता. त्याने काकांना हसवायचा विडाच उचलला होता. टेक चालू असताना त्यांच्या नाकाला स्टेथोस्कोप लावायचा, कानात काहीतरी भलतंसलतं कुजबुजायचा. सिस्टर फुटायची, वॉर्डबॉय फुटायचा, एकदा तर कॅमेरामनच हसला आणि कॅमेरा हलला. काका नाही. मी एकदा त्यांना विचारलं, जमतं कसं.

“मी इथे नसतोच,” ते म्हणाले. “रोह्याच्या स्टँडवर उतरतो आणि घराकडे चालायला लागतो. वाटेत सगळ्यांना नमस्कार-चमत्कार करत जायचं, कुणाला गाळायचं नाही. टेक लांबला तर पुलापर्यंत पोचतो. हा हेमंत मध्येच हसला की मला पुन्हा स्टँडवर यावं लागतं, एवढाच त्याचा त्रास.”

मग जेवणाच्या सुट्टीत “काका, आज कुठवर पोचलात?” हा सगळ्यांचा नेहमीचा प्रश्न झाला.

पडून असले तरी त्यांचं लक्ष सगळीकडे असायचं. प्लास्टरमध्ये पाय असलेल्या पेशंटचं काम करणारा नट बिचारा दिवसभर खाजवून बेजार व्हायचा. काका एका सुट्टीच्या दिवशी हमरापूरला गेले आणि गणपतीच्या एका कारखान्यात जाऊन विचारलं, आतून पोकळ असा माणसाचा पाय बनवाल का, बुटासारखा घालता-काढता आला पाहिजे. कारखानदार म्हणाला, “देवाचा बनवतो, तर माणसाचा बनवायला काय हाय?” पाय आला तो झकास, फक्त घोट्याजवळ पितांबराचा पिवळा रंग सांडलेला. तो आम्ही दोन वर्षं पांढऱ्या पट्टीखाली लपवला. पुढे प्लास्टरचे बाकीचे हातपायही तिथूनच यायला लागले. गणपतीच्या आधी त्या कारखान्याला श्वास घ्यायला वेळ नसायचा, म्हणून त्या दिवसांत आमच्या मालिकेत कुणाचंही हाड मोडत नसे. प्रेक्षकांच्या हे कधी लक्षात आलं नाही.

एका दुपारी एक खरी पेशंट सेटवर आली. साठीपासष्टीची बाई, बाहेरची ‘बाह्यरुग्ण विभाग’ ही पाटी वाचून सरळ आत आली आणि पांढरा कोट घातलेल्या हेमंतसमोर बसून म्हणाली, “डाक्टर, घेरी येतेय. बघा जरा.” हेमंतला वाटलं, नवीन जुनिअर आर्टिस्ट आहे, तालीम करतेय. त्याने आपल्या डॉक्टरच्या थाटात उत्तरं द्यायला सुरुवात केली. चारजण हसायला लागले. तेवढ्यात सहा नंबरच्या खाटेवरून रोह्याच्या रंगमंचावरचा तो आवाज आला.

“हेमंत, बाजूला हो. ही बाई खरी आहे.”

काका उठून तिच्यापाशी पोचलेसुद्धा होते. तिचं कपाळ घामाने डबडबलं होतं. मला म्हणाले, “रिक्षा बघ.” आम्ही दोघांनी तिला धरून रिक्षात बसवलं आणि खऱ्या हॉस्पिटलात नेलं. काका अनवाणी, अंगात गाऊन, मनगटाला चिकटवलेली सलाइनची नळी मागे लोंबतेय. दारातल्या वॉर्डबॉयने आमच्याकडे एकवार बघितलं, बाईला बाकावर बसवलं आणि व्हीलचेअर आणली ती काकांसाठी.

“पेशंट या आहेत. मी नाही,” काका म्हणाले.

“व्हय आजोबा. तुमी आधी बसा. कुठल्या वॉर्डातून आलात?”

त्याची समजूत पटवता पटवता माझा घसा बसला. बाईने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, साखर उतरली होती. तासाभरात ती बरी होऊन घरी गेली. परत आल्यावर काकांनी समीरला सांगितलं, “बाहेर पाटी लावा. इथे शूटिंग चालतं, हे हॉस्पिटल नाही.”

“काका, फ्रेममध्ये येईल ती.”

“मग फ्रेमच्या बाहेर लावा. पण लावा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेंटरलाच बरोबर घेऊन आले आणि पाटी रंगवून होईपर्यंत गाऊनला हात लावला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी कुंदा ठाकूर आली. जवळच्या गडब गावाहून मिनिडोर रिक्षाने आली होती. चाळिशीची असेल, हातात पोह्याच्या पापडांची पिशवी. दारातल्या माणसाला म्हणाली, “सहा नंबरचे दादा कुठं हायत?” तिला आत आणलं. काका खाटेवर उठून बसले. पिशवी त्यांच्या पायाशी ठेवून ती म्हणाली, “दादा, एक इचारायचं होतं. तुमी तिथं पडलेले असता, तवा तुमाला सगलं ऐकू येतं ना?”

कुणीतरी हसलं. काकांनी पाय आवरून तिला बसायला जागा केली.

“मला येतं ताई. मी जागाच असतो. का विचारता?”

तिचा नवरा मोटरसायकलवरून हायवेला पडला होता. मोठ्या हॉस्पिटलात बरेच दिवस ठेवून घरी पाठवला. डोळे उघडे असतात, पण बोलत नाही, वळून बघत नाही. नळीने भरवावं लागतं.

“घरातली मानसं म्हनतात, त्याला काय कलत नाय,” ती सांगत होती. “पन तुमची मालिका लागली का मी त्यांची खाट टीव्हीकडं फिरवते. म्हनते, बघा, तुमचा दोस्त आला. तुमच्याम्होरं मानसं भांडतात, जेवतात, छत्र्या लावतात. पन तुमाला तिथून कोन हलवत नाय. मंजे तुमी त्यांच्यातलेच.”

काका म्हणाले, “तुमच्या मालकांना ऐकू येतं की नाही, ते मी नाही सांगू शकणार. मी नट आहे. पण विचारून सांगतो.”

आणि त्यांनी खरंच विचारलं. तिच्याकडून डॉक्टरांचे कागद मागवून घेतले, पेणमधल्या एका डॉक्टरांना दाखवले. डॉक्टर म्हणाले, खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही, पण बोलत राहा, कूस बदलत राहा, पाठीला जखमा होऊ देऊ नका. हे फोनवर सांगता आलं असतं. काका रविवारी एसटीने गडबला उतरले, तिच्या घरी जाऊन तिला सांगितलं, आणि आलोच आहे तर म्हणून तिच्या नवऱ्याची दाढी करून आले. मला म्हणाले, “आपला मेकअपवाला माझी दाढी पडल्या पडल्याच करतो ना. कुठे दुखतं ते मला ठाऊक आहे.” पुढच्या रविवारीही ते गेले. मग जातच राहिले.

मालिकेला दोन वर्षं होऊन गेली तशी प्रेक्षकांची संख्या घसरायला लागली. चॅनलला काहीतरी दणदणीत हवं होतं. नवीन स्क्रिप्ट आलं. काकांनी चष्मा लावला, आणि पहिल्यांदाच सहा नंबरपुढे त्यांना काहीतरी लिहिलेलं सापडलं. ‘सहा नंबर मेलेला असतो. कुणाच्याच लक्षात येत नाही.’

भाग विनोदी होता, हे खरं. त्याच्या अंगावर वाढदिवसाचा केक कापतात, त्याच्याशी पैज लावतात, त्याच्यासोबत फोटो काढतात, आणि शेवटी झाडूवाली येऊन सांगते की हा गेलाय. वाचताना हेमंतच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मीही हसले. काकांनी कागदांची घडी घातली आणि समीरकडे गेले.

“हे मी करणार नाही.”

“काका, पडूनच तर राहायचंय. नेहमीसारखं.”

“नेहमीसारखं नाही. यात मी मेलोय.”

“अहो, हे मालिकेतलं मरण आहे. लोक हसून विसरून जातील.”

“लोक विसरतील. गडबला एक घर आहे, तिथे नाही विसरणार.”

समीरने कपाळाला हात लावला. म्हणाला, “एका घरासाठी मी चॅनलला काय सांगू? मी चादरीखाली दुसरा माणूस झोपवीन.”

“झोपव. पण दोन वर्षं लोकांनी माझा चेहरा बघितलाय. चादर कुणावरही ओढलीस तरी मेलेला मीच दिसणार.”

दुसऱ्या दिवशी काका नेहमीच्या एसटीने आले. गाऊन घातला नाही. इस्त्रीच्या शर्टात बाहेरच्या बाकावर ताठ बसून राहिले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. कुणाशी भांडले नाहीत, कुणाला आपल्या बाजूने करायला गेले नाहीत. चहा आला की घेत होते. हेमंत शेजारी जाऊन बसला, तर त्याच्याशी क्रिकेटवर बोलले. मात्र कुणी “काका, चला ना आत” म्हटलं की नुसती मान हलवायचे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी समीर त्यांच्यासमोर उभा राहिला. “चला, मला दाखवा ते घर.”

आम्ही त्याच्या गाडीतून गेलो. मी मागच्या सीटवर. कुंदाताईने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चहा टाकला, आणि मालिकेची वेळ झाली तशी पदर खोचून नवऱ्याची खाट टीव्हीकडे वळवली. वाळलेला माणूस, डोळे उघडे, दाढी मात्र गुळगुळीत. “बघा, आज दोस्त खराखुरा आलाय घरात,” ती त्याला म्हणाली. त्या दिवशीचा भाग छत्र्यांचा होता. सहा नंबरच्या तोंडावर छत्रीचं पाणी ठिबकतं आणि डॉक्टर म्हणतो, पेशंटला घाम फुटला, सुधारणा आहे. कुंदाताई खळखळून हसली. हसता हसता नवऱ्याच्या तोंडाकडे हात गेला आणि तिने तिथली लाळ पदराने पुसली, पुन्हा हसली.

समीर तिच्याकडेच बघत होता. परत येताना गाडीत काका एवढंच म्हणाले, “तिची हसण्याला हरकत नाही, बघितलंस ना.”

दोन दिवस समीर फोनवर होता. मग नवे कागद घेऊन आला, चेहरा उजळलेला. “काका, नाही मरत तुम्ही. शुद्धीवर येता. आणि दोन वर्षांत तुमच्यासमोर जे जे बोललं गेलं ते सगळं तुम्ही फोडता. कोणाचं कोणावर प्रेम, कोणी कोणाचा डबा खाल्ला. तीन पानं तुम्ही एकटे बोलताय.”

काकांनी चष्मा लावला. वाचता वाचता ते उभे राहिले आणि मोठ्याने म्हणायला लागले. मागच्या अंगणात, कॅमेरा नाही, लाइट नाहीत. प्रत्येकाचा आवाज काढला, प्रत्येकाचा हिशोब चुकता केला. स्वयंपाकघरातली माणसं हात पुसत बाहेर आली. हेमंत हसून खाली बसला. दोन वर्षं आम्ही या माणसाला नुसतं झोपवून ठेवलं होतं.

संपल्यावर काकांनी कागद समीरच्या हातात दिले.

“फार सुंदर लिहिलंयस. पण नको.”

“का?” समीर म्हणाला. “तुम्ही याचीच तर वाट बघत होता.”

“मी बघत होतो. पण हा उठून बोलायला लागला, तर ती उद्यापासून वाट बघत बसेल. रोज. मी तिला काय सांगू?”

“मग मी करू काय?”

“घरी सोड त्याला. आहे तसा. बायको येते आणि घेऊन जाते.”

तसंच झालं. चॅनलचे लोक नाराज होते, पण तारीख डोक्यावर आली होती. शेवटच्या प्रसंगात सहा नंबरला स्ट्रेचरवर घेतलं. सगळे त्याला निरोप द्यायला आले, आणि आपापल्या छत्र्या शोधायला लागले, कारण सलाइनचा स्टँडही त्याच्याबरोबर निघाला होता. हेमंतने विनोद नेमका घेतला. एकाच टेकमध्ये झालं. “कट” म्हटल्यावर काका स्ट्रेचरवरून उतरले, गाऊनची घडी घालून माझ्या हातात दिली, प्रत्येकाशी हात मिळवला आणि जेवणाआधीची एसटी पकडायला निघून गेले. आता त्यांचं काम उरलं नव्हतं, हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं.

तो भाग लागला त्यानंतर कुंदाताईचा मला फोन आला. म्हणाली, “बरं झालं गो, घरी नेला. तिथं कोन त्याच्याकडं नीट बघत होता?”

पुढे काही महिन्यांनी मालिकाही बंद झाली. इमारतीला पुन्हा कुलूप लागलं. भातकापणीच्या दिवसांत मी एका लग्नासाठी पेणहून रोह्याला चालले होते. रविवार होता, म्हणून गडबला उतरले. रस्त्यालगतच्या शेतात कुंदाताई कापणी करत होती. विळ्यानेच घराकडे खूण करून म्हणाली, “दादा आलेत. ते असले का मला इकडं येता येतं.”

घराच्या बाहेरूनच तो आवाज ऐकू आला. काका खाटेजवळ खुर्ची ओढून बसले होते, एका हातात टॉवेल. सकाळच्या एसटीत कंडक्टर आणि कोंबड्या घेऊन चढलेली एक बाई यांचं भांडण झालं होतं, ते त्या माणसाला सांगत होते. कंडक्टरचा आवाज वेगळा, बाईचा वेगळा, मध्येच कोंबडीसुद्धा. आवाज जराही खाली आणलेला नव्हता. खाटेवरचे डोळे आढ्याकडे होते. काका मात्र प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबत होते, समोरचा काहीतरी म्हणेल तर त्याला सवड मिळावी म्हणून थांबावं तसे, आणि मग पुढे जात होते.

मी दारात दिसले. त्यांनी मला हाताने बसायची खूण केली, आणि त्याच्याकडे वळून आधी ते वाक्य पूर्ण केलं.